एकाला दोन तास, एकाला तेरा

प्रश्न (थोडक्यात): वय ४४, नोकरी करते. सुदामानगरचं जुनं बैठं घर सोडून दोन वर्षांपूर्वी आम्ही इंदूरमध्येच चौथ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आलो. घरात मी, नवरा, दहावीतला मुलगा आणि ७२ वर्षांचे सासरे. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. आजोबा आणि नातू एकाच खोलीत झोपतात. बाबा पहाटे साडेचारला उठतात आणि सकाळपासून टीव्ही लावतात, तोही खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतका मोठा. मुलगा क्लासहून आला की मोबाइलवर गेम, ती रात्री पांघरुणात साडेबारापर्यंत. बाबा म्हणतात, पोरगं वाया चाललं. पोरगं म्हणतं, आजोबा दिवसभर टीव्ही बघतात ते चालतं? दोघांनी रोज एक तास एकत्र घालवावा म्हणून मी वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं. चार दिवस टिकलं, पाचव्या दिवशी भांडण. मोबाइल काढून घेऊ? टीव्हीचं रिचार्ज बंद करू? दोघांना एखादा चांगला छंद कसा लावू?

ताई,

ते वेळापत्रक आधी फ्रीजवरून काढा. हेतू चांगला होता, हिशेब चुकला. दोघांच्या रिकाम्या वेळाबद्दल तुम्ही एका दमात लिहिलंय, जणू दोघांकडे तो सारखाच पडून आहे. तुम्हीच कळवलेल्या वेळा घेऊन बेरीज करू. मुलगा पावणेसातला शाळेला निघतो, अडीचला परत येतो. साडेतीनला भंवरकुव्याच्या क्लाससाठी बाहेर, साडेसातला घरी. शाळेचे पावणेआठ तास, क्लासचे चार, आंघोळ-जेवणाचे दोन, गृहपाठाचे दोन. उरले सव्वाआठ तास, त्यातच झोप. साडेसहा तास झोपला तर हातात पावणेदोन तास राहतात. तो साडेबाराला झोपून सव्वासहाला उठतो, म्हणजे गेमला अडीच तास मिळतात. वरचा पाऊण तास अभ्यासातून आलेला नाही, झोपेतून आलाय.

आता बाबांची बेरीज. झोप सात तास. आंघोळ, पूजा, जेवण, औषधं मिळून चार. राहिले तेरा. नातवाला वेळ पुरत नाही आणि आजोबांचा सरत नाही, अशा दोघांना रोज संध्याकाळी आठ ते नऊ समोरासमोर बसवलं तर नातवाचा अर्धा दिवसच काढून घेतल्यासारखं होतं, आणि बाबांचे बारा तास तसेच राहतात. भांडण पाचव्या दिवशी झालं, हेच नवल.

तुमच्या पत्रातलं दुसरं एक गृहीत जरा तपासून बघा: मोकळा वेळ कशाच्या तरी कामी यावा, निदान "चांगला" दिसावा. वाचन चांगलं, टीव्ही वाईट. बुद्धिबळ चांगलं, मोबाइल वाईट. पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसभरात स्वतःच्या मर्जीने काही करायला मिळतं ते या पावणेदोन तासांतच. तिथेही आपण छंद "लावायला" गेलो की तो आणखी एक क्लास होतो. त्यामुळे छंदाचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमच्या घरातली निम्मी भांडणं झोप, कान आणि खोली यांची आहेत, आणि ती सुटण्यासारखी आहेत.

झोपेपासून सुरुवात करू. वयात येणाऱ्या मुलांच्या मेंदूत झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा, साधारण एक-दोन तास उशिरा वाढू लागतं. साडेनऊला दिवा घालवून त्याला आडवं केलं तरी तो जागाच राहणार आणि जागं राहिलं की हात मोबाइलकडे जाणार. म्हातारपणी हेच घड्याळ पुढे सरकतं: संध्याकाळी सातपासून पेंग, पहाटे चारला टक्क जाग. म्हणजे ना नातू लबाडी करतोय, ना आजोबा शिस्तीचा दिखावा. एकाच खोलीत दोन उलटी घड्याळं आहेत, आणि दोघंही एकमेकांची झोपमोड करतात. पंधराव्या वर्षी आठ ते दहा तास झोप लागते, तो पावणेसहावर आहे. सकाळी उठवताना होणारी आदळआपट बहुतेक त्यातूनच येते.

उपाय साधे आहेत. बाबांची खाट दाराजवळ आणि मुलाची भिंतीकडे, मध्ये छतापासून जाड पडदा. कपाट हलवता येत नसेल तरी पडद्याची पट्टी कुठल्याही फ्लॅटमध्ये बसते. पहाटेसाठी बाबांच्या उशाशी पिवळ्या मंद प्रकाशाचा छोटा दिवा, म्हणजे ट्यूबलाइट लावावी लागणार नाही. चष्मा, काठी, औषधाचा डबा, शाल हे सगळं रात्रीच बाहेरच्या खोलीत ठेवायचं. पहाटे अंधारात कपाट उघडण्याच्या आवाजानेच पोरं जागी होतात, आणि अंधारात चाचपडताना म्हातारी माणसं पडतात. मुलाच्या बाजूने एकच नियम: पावणेअकराला मोबाइल चार्जिंगला, आणि चार्जर बैठकीच्या खोलीत. गजरासाठी दोन-तीनशे रुपयांचं साधं घड्याळ आणा, नाहीतर "गजर लावायचाय" म्हणत मोबाइल परत उशाशी येतो. हा नियम घरातल्या चारही मोबाइलना लावा. फक्त त्याच्याच मोबाइलला लावलात तर आठवडाभरही टिकणार नाही.

बाबांची पहाटेची फेरी संध्याकाळी न्या. पहाटे पाचच्या फेरीचं आपल्याकडे फार कौतुक, पण ज्यांना संध्याकाळी सातला पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते त्यांना मावळतीचा उजेड जास्त उपयोगी. सूर्य मावळण्याआधी तासभर बाहेर उजेडात चाललं की झोपेची वेळ हळूहळू उशिराकडे सरकते. डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या पहाटेच्या गारठ्यात रक्तदाब असलेल्या माणसाने बाहेर पडणंही टळतं. दुपारची डुलकी तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची. खुर्चीत टीव्हीसमोर संध्याकाळी सहाला लागलेली डुलकी सगळं गणित बिघडवते. हा बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात; चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका.

आता टीव्हीचा आवाज. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य हे, आणि ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. सत्तरीतल्या माणसाने टीव्ही मोठ्याने लावणं हा बहुतेक वेळा स्वभावाचा दोष नसतो. वयानुसार कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ अशी व्यंजनं उंच पट्टीत असतात, ती गळतात. माणसाला आवाज "येतो" पण शब्द कळत नाही. म्हणून तो रिमोटचा आकडा वाढवत राहतो आणि तरी बातमी अर्धीच कळते. घरात नातू तोंडातल्या तोंडात भरभर बोलतो, त्याचं काहीच कळत नाही, मग "काय पुटपुटतोस" वरून ठिणगी पडते. तुमच्या घरातलं हे दृश्य पत्रात नाही, पण असलं तर आश्चर्य वाटणार नाही.

बाबांना आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, एम. वाय. हॉस्पिटलमध्ये हा विभाग आहे, खासगीही आहेत. नुसता मळ साचला असेल तर तिथल्या तिथे काम होतं. नसेल तर श्रवणचाचणी: बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीतले बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासात आलेख हातात मिळतो. चाचणी न करता दुकानातून किंवा ऑनलाइन "कानात घालायचं मशीन" घेऊ नका. ते सगळेच आवाज सरसकट वाढवतं, भांड्यांचा खणखणाटसुद्धा, आणि आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातं. श्रवणयंत्र मिळालं तरी पहिल्या दिवसापासून बारा तास लावायचं नसतं. शांत खोलीत एका माणसाशी बोलताना दोन-तीन तास, मग हळूहळू टीव्ही, मग बाजार. सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि मधल्या काळात एक-दोनदा परत जाऊन जुळणी करून घ्यावी लागते. बहुतेक यंत्रं फुकट जातात ती इथेच, कारण घेऊन देणारा मुलगा दुसऱ्यांदा न्यायला रजा काढत नाही. कमी ऐकू येण्याकडे दुर्लक्ष करू नये याला आणखी एक कारण आहे: लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टींत त्याचा समावेश आहे. तोवर टीव्हीसाठी बिनतारी हेडफोन घ्या, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद ठळक करणारा पर्याय असतो तो सुरू करा. टीव्हीचं रिचार्ज मात्र बंद करू नका. तेरा तासांतून टीव्ही काढला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर उरते भिंत.

त्या जागी काय ठेवायचं? जुन्या घराला ओटला, म्हणजे दारापुढचा ओटा, होता, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. बाबांच्या दिवसातले तीन-चार तास त्या ओटल्यावरच जात असणार. येणारा-जाणारा थांबायचा, दोन शब्द व्हायचे, कुणाचा फॉर्म भरून द्यायचा, कुणाला एफडीचं व्याज समजावून सांगायचं. चौथ्या मजल्यावर हे सगळं एकदम बंद झालं, आणि त्याच सुमारास सोबतही गेलेली. निवृत्त माणसाला छंदापेक्षा आपली वाट बघणारं कुणीतरी लागतं: ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि न गेल्यास "का आला नाहीत" म्हणून फोन करणारा माणूस. इंदूरच्या मराठी माणसाला त्यासाठी फार शोधावं लागत नाही. महाराष्ट्र साहित्य सभा आहे, सानंद संस्थेची नाटकं आहेत, कॉलनीच्या बागेतला बाक आहे. पण पहिल्या दोन-तीन वेळा कुणीतरी सोबत जावं लागतं. "बाबा, जाऊन या ना" एवढ्याने बाहत्तराव्या वर्षी नवी ओळख होत नाही. हे काम तुमच्या नवऱ्याचं. तेही पत्रात फारसे दिसत नाहीत, त्यावर पुढे येते.

बाबा बँकेतले आहेत म्हणून त्यांना एक नेमकं काम सुचवते, आणि त्यात नातवाचीही गरज लागेल. दर नोव्हेंबरात बहुतेक पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, पण बिल्डिंगमधल्या निम्म्या पेन्शनरांना ते जमत नाही आणि ते रिक्षा करून बँकेत रांगा लावतात. मोबाइलवर जीवन प्रमाण आणि आधार फेसआरडी ही दोन ॲप सरकारी नावं तपासून, अधिकृत ॲप स्टोअरवरूनच घ्यायची. आधी दाखला भरून देणाऱ्याची, म्हणजे बाबांची, ऑपरेटर म्हणून ओळख पटवायची: आधार क्रमांक, ओटीपी, चेहरा. मग पेन्शनरची माहिती: आधार, मोबाइल, पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) क्रमांक, पेन्शन मंजूर करणारं खातं, पेन्शन देणारी बँक, खाते क्रमांक. शेवटी चेहरा, की प्रमाण क्रमांकाचा मेसेज येतो. अडतं ते ठरावीक ठिकाणीच. पेन्शनर खिडकीकडे पाठ करून बसला की चेहरा काळा येतो. त्याला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, चष्मा काढायला लावायचा, आणि डोळ्यांची उघडझाप कर असं मोठ्याने सांगायचं. पीपीओवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर दाखला परत येऊ शकतो, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून आधीच ताडून घ्यायचे. पीपीओ, मंजूर करणारं खातं, पेन्शन कुठल्या प्रकारची हे नातवाला सात जन्मांत कळणार नाही, आणि मोबाइलचा उजेड, परवानगी, ओटीपीची घाई बाबांना झेपणार नाही. नोव्हेंबरातले दोन-तीन रविवार, सकाळी अकरा ते साडेबारा, बिल्डिंगच्या खाली टेबल टाकून. एक पथ्य मात्र पाळायचं: कुणाचा आधार क्रमांक वहीत लिहून ठेवायचा नाही, कुणाचा मोबाइल घरी आणायचा नाही.

बाकीच्या अकरा महिन्यांत नातवाने आजोबांना मोबाइल शिकवावा, असं तुम्ही सुचवलंत आणि त्यावरूनही वाजलं. वाजणारच, कारण पोरं शिकवत नाहीत, मोबाइल हातातून ओढून घेऊन स्वतःच करून टाकतात. नियम असा करा: शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. बोट फक्त बाबांचं. एका बैठकीत एकच काम, आणि ते बाबांनी स्वतःच्या अक्षरात वहीत पायरी-पायरीने उतरवायचं. पहिली बैठक अक्षरांचा आकार मोठा करण्याची. दुसरी पैशाची: पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, टाकायला सांगणारा ठग असतो, फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. याच बैठकीत दोघांच्याही मोबाइलवर पैसे लावून खेळायचं काही आहे का, हे एकमेकांसमोर बघून घ्या. असे ऑनलाइन खेळ २०२५च्या कायद्याने बंद झालेत, तरी चोरवाटांनी येतात. आणि हो, हे आजोबांच्या मोबाइलमध्येही सापडू शकतं, रमीच्या नावाने.

मोबाइल काढून घेण्याबद्दल. नका घेऊ. तो खेळतो तो चौघांच्या संघाचा खेळ आहे, एक डाव पंचवीस-तीस मिनिटं चालतो आणि मध्ये थांबवता येत नाही. "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणता तेव्हा तो तिघा मित्रांना वाऱ्यावर सोडून उठतो, आणि उद्या शाळेत त्याचं ऐकून घेतो. दिवसभरात मित्रांशी मोकळं बोलणं त्या हेडफोनमधूनच होतं, कारण क्लासमध्ये बोलायची सोय नाही आणि बाहेर भेटायला वेळ नाही. म्हणून जेवायला बोलवायचं असेल तर अर्धा तास आधी सांगा: "हा डाव संपला की ताट वाढते, पुढचा लावू नको." मग जास्तीत जास्त पाच मिनिटं इकडेतिकडे होतील. मला त्या गेमपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि तुम्ही लिहिलेल्या त्याच्या आठवड्यात ती कुठेच नाही. आठवड्यातून दोनदा क्लासहून आल्यावर जेवणाआधी चाळीस मिनिटं खाली बॅडमिंटन, रविवारी मित्रांबरोबर क्रिकेट किंवा सायकल, इतपत तरी जागा त्याला करून द्या. त्यासाठी क्लासचा एक वार कमी करता येतो का, हा प्रश्न तुम्हाला आवडणार नाही, तरी विचारते.

बाबांसाठीही हालचालीचं माप आहे, आणि ते नातवाने घ्यावं. हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते बघायचं. सरळ पाठीची, हात नसलेली, सतरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. बाबांनी हात छातीवर आडवे घ्यायचे, नातवाने मोबाइलवर तीस सेकंद लावायचे आणि पूर्ण उभं राहिल्याचं मोजायचं. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला बारापेक्षा कमी जमलं, तर पायातली ताकद उतरलीय आणि पडण्याचा धोका आहे. हात टेकावाच लागला तर आकडा शून्य धरायचा. गुडघे फार दुखत असतील किंवा चक्कर येत असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. महिन्यातून एकदा मापून कॅलेंडरवर लिहा. मापायला लागलं की बाबा आपणहून दिवसातून दोनदा उठाबशांचा सराव करतील. बँकेतल्या माणसाला आकडा खाली गेलेला खपत नाही.

एकत्र वेळेचं म्हणाल तर तो आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं, जेवणानंतर, आणि मध्ये पत्ते. मेंडीकोट खेळा. चौघं लागतात, समोरासमोरच्या दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं. ज्या रंगाचं पान उतरलंय तो हातात नाही असं ज्याच्यावर पहिल्यांदा येईल, तो जे पान टाकेल तो हुकूम. चार दश्श्यांपैकी तीन ज्यांच्याकडे ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारे जिंकले. चारही ओढल्या तर मेंडीकोट. दहा मिनिटांत डाव होतो, म्हणजे चाळीस मिनिटांत चार. जोडी आजोबा-नातवाची लावा, समोर तुम्ही दोघं. समोरासमोर विरोधात बसवलंत तर पहिल्याच रविवारी "आमच्या वेळी" सुरू होईल. एका जोडीत असले की दोघांना मिळून तुम्हाला हरवायचं असतं, आणि आजोबांनी दश्शी कुठे दडवलीय हे डोळ्यांनी विचारायला नातू आपोआप शिकतो. मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात, ते आणा. बदाम आणि चौकट यांत गल्लत झाली की बाबा चिडतात स्वतःवर आणि ओरडतात दुसऱ्यावर. आवळा देऊन कोहळा काढू नका: पत्त्यांच्या वेळी प्रीलिमचे मार्क काढायचे नाहीत, ब्लडप्रेशरची गोळीही नाही. जो हरेल तो दूध गरम करेल.

कॅरमही चालेल, पण स्टँडवर. जमिनीवर बसून बाबांचे गुडघे एका बोर्डात बोलू लागतील. वर पिवळा दिवा मधोमध लटकेल असं बघा, आणि पावडर फरशीवर सांडली तर लगेच ओल्या फडक्याने पुसा. पत्त्यांसारखी यातही जोडी जमते, पण बाबा नेम धरायला दोन मिनिटं घेतात, त्यात पोराचा जीव जातो. म्हणून माझी पसंती मेंडीकोटला.

इंदूरमध्ये तर अशा रात्रीही येतात की पंधरा आणि बहात्तर दोघांनाही जागायची मुभा असते. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघतात. कुठल्या मिलची झांकी कशी असायची, हे सांगणारी पिढी घरात आहे. किंवा महिन्यातून एखाद्या शनिवारी सराफा. सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याची लागतात ती रात्री नऊनंतर, म्हणजे नातवाच्या घड्याळाची वेळ. बाबांनी त्या दिवशी दुपारी अर्धा तास पडून घ्यायचं. हिवाळ्यात गराडू (तळलेला कंद), एरवी भुट्ट्याचा कीस, दोघांत एक प्लेट. गर्दीत बाबांना कुणीतरी हात धरायला लागेल, तो नातवाने धरावा. तुम्ही दोघं मागे राहा. उलट त्याला रविवारी पहाटे सहाला उठवून सिरपूर तलावावर पक्षी बघायला नेऊ नका. तलाव सुंदर आहे, २०२२पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. पण आठवडाभराची झोप तो रविवारीच भरून काढतो. न्यायचंच तर दुपारी चारनंतर, आणि ८×४० किंवा ८×४२ची दुर्बीण घेऊन. त्याहून जास्त ताकदीची घेतली तर बाबांच्या हाताच्या कंपाने पक्षी नाचताना दिसतो.

आता तुमच्याबद्दल. दोन पानी पत्रात आजोबा आहेत, नातू आहे, नवरा "नऊला येतात" एवढ्या दोन शब्दांत आहेत, आणि तुमच्या स्वतःच्या मोकळ्या वेळाचा एक शब्द नाही. २०२४च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सुमारे २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८, असं निघालं. तुम्ही वर नोकरीही करता, आणि आता दोन पुरुषांच्या फुरसतीची व्यवस्था बघणंही तुमच्याकडे आलंय. मेंडीकोट मुद्दामच सुचवला: चौथा भिडू लागतो, तेव्हा नवऱ्याला आठवड्यातून दोनदा नऊच्या आत घरी येणं आलं. कानाच्या डॉक्टरांकडे नेणं त्यांचं, साहित्य सभेत पहिल्या तीन वेळा सोबत जाणं त्यांचं. बुधवार-शुक्रवार संध्याकाळचा एक तास तुमचा; त्या तासात बाबांचा चहा नातू करेल, तो बॅडमिंटनला गेला असेल तर बाबा स्वतः. बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला चहा येत नाही, असं नसतं. ज्या घरात आजोबांच्या जागी आजी आहेत, तिथल्या वाचकांनी बेरीज नव्याने करावी. आजींकडे सहसा तेरा तास निघत नाहीत, अर्धे स्वयंपाकघरात गेलेले असतात, आणि त्यांना काम देण्याआधी त्यांचं काम कमी करावं लागतं.

एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. दोघांपैकी कुणाचीही जेवणाची वासना गेली, आवडत्या गोष्टीतही मन लागेना, सारखी चिडचिड किंवा रडू, "कशाला जगायचं" असं बोलणं, आणि हे दोन आठवडे चाललं, तर ते पत्ते-कॅरमने जाणारं नसतं. डॉक्टरांना दाखवा. जोडीदार गेल्यावर पुरुष हे दुःख टीव्हीसमोर बसून लपवतात, आणि पोरं मोबाइलमागे.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात पडदा, गजराचं घड्याळ आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ. पुढच्या आठवड्यात बाबांची फेरी संध्याकाळी आणि मेंडीकोटचे दोन वार. महिना झाला की दोघांना वेगवेगळं विचारा, यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं. टाकायचं म्हणाले तर टाका, पण कानाची चाचणी तेवढी होऊ दे.